विंडोज ९८ साठी ८६बॉक्स: जुना पीसी, जुन्या खोडींसकट

विंडोज ९८ आजच्या लॅपटॉपवर चालवायचं म्हटलं की बहुतेक जण आधी व्हर्च्युअलबॉक्स उघडतात, दोन तास झगडतात आणि मग नाद सोडतात. ८६बॉक्स हा त्याहून वेगळ्या जातीचा एम्युलेटर, म्हणजे जुनं मशीन सॉफ्टवेअरने हुबेहूब उभं करणारा प्रोग्राम, आहे. तो एखादा जेनेरिक ‘व्हर्च्युअल पीसी’ देत नाही. १९८१ च्या मूळ आयबीएम पीसीपासून पेंटियम टूच्या काळातल्या बोर्डांपर्यंत ठरावीक कंपनीचा ठरावीक मदरबोर्ड, त्याचा स्वतःचा बायॉस (मशीन सुरू करणारा बोर्डावरचा प्रोग्राम), त्यावरचा चिपसेट, ग्राफिक्स कार्ड, साउंड कार्ड असं सगळं तो एकेक करून उभं करतो. त्यामुळे विंडोज ९८ ला आपण १९९७-९८ च्या खऱ्या मशीनवर आहोत असंच वाटतं, आणि त्यात एकही पॅच न मारता ते बसतं. किंमत शून्य, परवाना जीपीएल हा मुक्त सॉफ्टवेअरचा, विंडोज, लिनक्स आणि मॅक तिन्हींवर चालतो. मोबदला एकच मागतो: तुमच्या प्रोसेसरचा घाम. तो किती निघेल हे तुम्ही कोणतं मशीन निवडता त्यावर ठरतं, आणि नव्वद टक्के तक्रारींचं मूळही त्याच निवडीत असतं.

व्हर्च्युअलबॉक्स का नको, हे आधी उरकून टाकू. विंडोज ९५, ९८ आणि एमई यांच्यासाठी त्यात गेस्ट ॲडिशन्स (आतल्या विंडोजसाठीचे खास ड्रायव्हर) कधी आल्याच नाहीत, त्यामुळे इन्स्टॉल झाल्यावरही स्क्रीन ६४० बाय ४८०, १६ रंगांत अडकून बसते. नव्या प्रोसेसरवर आणखी दोन अडचणी येतात. विंडोज ९८ च्या नेटवर्कच्या एका फाइलमध्ये वेळ मोजणारं एक चक्र आहे. प्रोसेसर सुमारे २.१ गिगाहर्ट्झच्या वर गेला की ते इतक्या झटकन संपतं की पुढे शून्याने भागाकार होतो आणि ‘विंडोज प्रोटेक्शन एरर’ येऊन गाडी थांबते. दुसरी अडचण अलीकडच्या रायझन आणि ११ व्या पिढीनंतरच्या इंटेल चिपवर येते. विंडोज ९८ मेमरीचे नकाशे बदलताना प्रोसेसरला जे सांगायला हवं ते सांगत नाही. जुन्या चिप ते खपवून घेत, नव्या घेत नाहीत. यावर विंडोज ९८ च्या फाइल दुरुस्त करणारं पॅचर९एक्स नावाचं छान औजार आहे, आणि ज्यांना वेगच हवा त्यांनी त्या वाटेने जरूर जावं. ८६बॉक्समध्ये प्रोसेसरच २०० मेगाहर्ट्झचा असतो, म्हणून हे दोन्ही प्रश्न मुळात उद्भवत नाहीत.

डाउनलोड दोन भागांत आहे, आणि पहिली ठेच इथेच लागते. एम्युलेटर वेगळा आणि रॉमचा संच वेगळा. रॉम म्हणजे त्या सगळ्या बोर्डांचे आणि कार्डांचे बायॉस. तो संच उघडून ‘रॉम्स’ याच नावाच्या फोल्डरमध्ये, प्रोग्रामच्या फाइलशेजारी ठेवायचा. झिप उघडताना फोल्डरच्या आत आणखी एक फोल्डर तयार झाला, तर प्रोग्राम रॉम सापडत नाहीत म्हणून बंद होतो, किंवा यादीत निम्मी मशीनच दिसत नाहीत. दोन्हींच्या आवृत्त्या जुळत्या घ्या. पूर्वी मशीनची यादी सांभाळायला वेगळा मॅनेजर घ्यावा लागे, ५.० पासून तो आतच आला, आणि ही सुधारणा खरोखर कामाची आहे. प्रत्येक मशीनला आपोआप स्वतःचा फोल्डर मिळतो, बायॉसच्या सेटिंगची फाइलही त्यातच राहते.

विंडोज ९८ ची सीडी आणि प्रॉडक्ट की मात्र तुमची तुम्हाला आणावी लागेल. ते आजही फुकट सॉफ्टवेअर नाही. जुन्या कॉम्प्युटरबरोबर आलेली ‘गेटिंग स्टार्टेड’ची पुस्तिका कपाटात असेल, तर की बहुधा तिच्या मुखपृष्ठावरच्या स्टिकरवर सापडेल. सीडीची आयएसओ फाइल, म्हणजे अख्ख्या सीडीची एका फाइलमधली प्रत, करून घ्या. आवृत्ती निवडायची सोय असेल तर १९९९ ची सेकंड एडिशनच घ्या. १९९८ च्या पहिल्या आवृत्तीसाठी अडून बसण्यासारखं काही नाही.

आता मशीनची निवड. यादी उघडल्यावर हात आपोआप सर्वात वरच्या पेंटियम टूकडे जातो. तो आवरा. ८६बॉक्स मुळात प्रोसेसरच्या एकाच कोअरवर राबतो, त्यामुळे तुमच्याकडे आठ कोअर आहेत की सोळा याला फारसा अर्थ नाही. एक कोअर किती वेगवान एवढंच पाहायचं. विंडोच्या शीर्षकपट्टीत टक्केवारी दिसते. ती १०० वर स्थिर राहिली म्हणजे मशीन ठरलेल्या वेगाने चाललं आहे. ७० वर आली तर त्या मशीनसाठी घड्याळच मंदावतं: आवाज तुटतो, माउस ओढल्यासारखा चालतो, सेटअपला जवळजवळ दीडपट वेळ लागतो. आणि इथे एक उलटी गोष्ट आहे. ६० टक्क्यांवर रखडणाऱ्या पेंटियम टूपेक्षा १०० टक्क्यांवर चालणारा पेंटियम १३३ वापरायला कितीतरी सुखाचा. म्हणून वेग कमी पडला की एम्युलेटरला दोष न देता प्रोसेसर एक पायरी खाली आणा.

विंडोज ९८ साठी माझी शिफारस अशी: इंटेल ४३०टीएक्स चिपसेटचा आसुस टीएक्स९७ बोर्ड, त्यावर पेंटियम एमएमएक्स १६६ किंवा २००, आणि ६४ एमबी मेमरी. सेकंड एडिशनची अधिकृत किमान गरज २४ एमबी आहे, पण तेवढ्यात पेजमेकर हे पानं मांडायचं सॉफ्टवेअर उघडून बघा म्हणजे कळेल. ६४ च्या वर जाण्यातही हशील नाही. खऱ्या टीएक्स बोर्डवर कॅशे (छोटी वेगवान मेमरी) फक्त पहिल्या ६४ एमबीला लागू होत असे, त्यामुळे त्या काळात ९६ किंवा १२८ एमबी टाकणाऱ्यांचं मशीन वेगवान होण्याऐवजी संथ व्हायचं. ५१२ एमबीच्या वर तर विंडोज ९८ स्वतःच बिघडतं: फाइल कॅशे इतकी जागा अडवते की भरपूर मेमरी असूनही मेमरी अपुरी असल्याची तक्रार येते.

डायनॅमिक रिकंपायलरवर (जुन्या प्रोसेसरच्या सूचना आजच्या प्रोसेसरच्या भाषेत बदलणारा भाग) खूण असू द्या, नाहीतर वेग कोसळतो. वेळ जुळवण्याचा पर्याय ‘लोकल टाइम’वर ठेवा; यूटीसी निवडलंत तर घड्याळ साडेपाच तास मागे दिसेल. ग्राफिक्ससाठी एस३ व्हर्ज डीएक्स, पीसीआय, ४ एमबी. याचा ड्रायव्हर विंडोज ९८ च्या सीडीतच आहे. ४ एमबी अशासाठी की १०२४ बाय ७६८ वर १६ बिट रंगांना दीड एमबीच लागतात, पण २४ बिटला सव्वादोन, आणि २ एमबीच्या कार्डावर तो पर्याय यादीतच येत नाही. साउंड ब्लास्टर १६ चा पीएनपी प्रकार घ्या. नेटवर्क लागणारच असेल तर रिअलटेक आरटीएल८०२९एएस, जोडणी ‘स्लर्प’, म्हणजे मुख्य कॉम्प्युटरचंच नेटवर्क वापरणारी. माउस पीएस/२.

फ्लॉपीच्या पानावर पहिला ड्राइव्ह साडेतीन इंची १.४४ एमबी आहे का ते पाहा. पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका, कारण नव्या मशीनला मूळ पीसीच्या जमान्यातला सव्वापाच इंची ड्राइव्ह लागलेला असू शकतो. सीडी-रॉम ड्राइव्हही सुरुवातीला बंद असतो. तो अटापी (हार्ड डिस्कच्याच आयडीई केबलवर चालणारा प्रकार) करून १:० या जागी लावा, म्हणजे दुसऱ्या केबलवर मास्टर. हार्ड डिस्क ०:० वर. दोन्ही एकाच केबलवर लावले तरी चालतात, पण बायॉस आणि विंडोज दोघांनाही वेगळी केबल सोयीची पडते.

हार्ड डिस्क ४ जीबीची करा. विंडोज ९८, ऑफिस ९७, पेजमेकर आणि फॉन्ट मिळून दीड-दोन जीबीत मावतात. ८ जीबीच्या वर गेलात तर १९९७ चे बरेच बायॉस आकार चुकीचा वाचतात, ३२ जीबीच्या वर काही अवॉर्ड बायॉस डिस्क शोधतानाच गोठतात. हे एम्युलेटरचे दोष नाहीत, त्या बोर्डांचे आहेत; ८६बॉक्स ते जसेच्या तसे हजर करतो इतकंच. फाइलचा प्रकार डायनॅमिक व्हीएचडी (आभासी हार्ड डिस्कची फाइल) ठेवा. वापरली जाईल तेवढीच जागा घेतो आणि पुढे फाइल बाहेर काढायला कामी येतो. डिस्कच्या वेगाचे पर्यायही आहेत, अगदी त्या त्या वर्षाच्या ५४०० आरपीएम ड्राइव्हसारखे. गंमत म्हणून ठीक. इन्स्टॉल करताना ‘रॅम डिस्क’ हा सर्वात जलद पर्यायच राहू द्या.

पहिल्यांदा सुरू केलं की काळ्या पडद्यावर ‘सीमॉस चेकसम एरर’ दिसतो. घाबरू नका, बॅटरी उतरलेल्या बोर्डासारखी ही नव्या मशीनची रिकामी मेमरी आहे. डिलीट दाबून बायॉसमध्ये शिरा, डिफॉल्ट लोड करा, आयडीई हार्ड डिस्क ऑटो डिटेक्ट चालवून ४ जीबीची डिस्क सापडली की एलबीए पर्याय स्वीकारा, ड्राइव्ह ए १.४४ वर आहे ना पाहा, बूटचा क्रम आधी ए मग सी ठेवा, एफ१० आणि वाय. ‘फ्लॉपी डिस्क फेल (४०)’ असा संदेश आला तर एम्युलेटरमधला फ्लॉपीचा प्रकार आणि बायॉसमधला प्रकार जुळत नाही, दुसरं काही नाही.

विंडोज ९८ ची बूट फ्लॉपी इमेज लावा. लावायचं म्हणजे विंडोच्या तळाशी असलेल्या पट्टीवर फ्लॉपीच्या चित्रावर क्लिक करून फाइल निवडायची. काही ओईएम सीडी स्वतः बूट होतात, सगळ्या होत नाहीत. फ्लॉपीचा रस्ता खात्रीचा. मेनूतला पहिला पर्याय, सीडी-रॉम सपोर्टसह, निवडा.

पुढचा भाग नीट वाचा, कारण बहुतेकांची गाडी इथेच रुळावरून घसरते. ‘एफडिस्क’ चालवा. मोठ्या डिस्कचा सपोर्ट हवा का विचारतो, वाय म्हणा. एन म्हटलंत तर फॅट१६ मिळतो आणि एक पार्टिशन २ जीबीच्या वर जात नाही. मग १, पुन्हा १, पूर्ण आकार वापरायला वाय. पूर्ण डिस्क दिलीत तर पार्टिशन आपोआप ॲक्टिव्ह होतं. अर्धीच दिलीत तर मुख्य मेनूतल्या दुसऱ्या पर्यायाने ते स्वतः ॲक्टिव्ह करावं लागतं, नाहीतर पुढे हार्ड डिस्कवरून बूटच होणार नाही. एस्केप दाबून बाहेर पडा आणि मशीन रीसेट करा. रीसेट न करता फॉरमॅट चालवलंत तर डॉसला नवं पार्टिशन दिसतच नाही.

रीसेटनंतर पुन्हा फ्लॉपीवरून या आणि ‘फॉरमॅट सी:’ द्या. आता सीडीचं अक्षर. बूट फ्लॉपी आपली अवजारं उघडून ठेवायला मेमरीत २ एमबीचा एक तात्पुरता ड्राइव्ह तयार करते आणि तो सीडीच्या आधीचं अक्षर पटकावतो. डिस्कवर पार्टिशन नसताना तो सी: असतो आणि सीडी डी:, पार्टिशन झाल्यावर तो डी: होतो आणि सीडी ई: वर सरकते. इंटरनेटवरच्या जुन्या सूचनांमध्ये ‘डी: वर जाऊन सेटअप चालवा’ असं वाचून लोक त्या तात्पुरत्या ड्राइव्हवर सेटअप शोधत बसतात. बूट होताना शेवटी पडद्यावर कोणता ड्राइव्ह कोणत्या अक्षरावर आला ते लिहिलेलं असतं, ती ओळ वाचा.

सीडीवरून थेट सेटअप चालवता येतो, पण चालवू नका. ‘एमडी सी:\विन९८’ असा फोल्डर करा, ‘कॉपी ई:\विन९८\*.* सी:\विन९८’ द्या, आणि सेटअप तिथून सुरू करा. पुढे कधीही नवं कार्ड लावलं, प्रिंटर जोडला की विंडोज ९८ मूळ कॅब (सेटअपच्या दाबून भरलेल्या) फाइल मागतं, आणि सेटअप ज्या जागेवरून झाला तीच जागा लक्षात ठेवतं. सी: वरून केलंत तर ‘सीडी घाला’ हा डायलॉग पुन्हा तोंड दाखवत नाही. ‘सेटअप /आयएस’ दिलं तर सुरुवातीचा स्कॅनडिस्क टळतो; नव्या कोऱ्या डिस्कवर त्याचा उपयोगही नाही.

सेटअपला चार-पाच टप्पे आहेत. फाइल कॉपी झाल्या की तो पहिल्यांदा रीस्टार्ट होतो. त्याच क्षणी फ्लॉपी काढा, नाहीतर पुन्हा बूट मेनू येतो आणि इन्स्टॉल पहिल्यापासून सुरू झालं असा गैरसमज होतो. त्यानंतर नाव, परवाना, की, आणि मग हार्डवेअर शोधण्याचा टप्पा. इथे पट्टी काही वेळ जागची हलत नाही, ते स्वाभाविक आहे. पण दहा-पंधरा मिनिटं डिस्कचा दिवाही लुकलुकला नाही तर ते अडकलं समजा. अशा वेळी कंट्रोल-ऑल्ट-डिलीट नको, मेनूतून हार्ड रीसेट द्या. सेटअप प्रत्येक उपकरण तपासण्यापूर्वी ‘डेटक्रॅश’ नावाच्या लॉगमध्ये नोंद करून ठेवतो. वीज गेल्यासारखं मशीन बंद पडलं की पुढच्या वेळी ती नोंद वाचून नेमकं तेवढंच उपकरण वगळून पुढे जातो. ‘सेफ रिकव्हरी’ विचारली तर हो म्हणा. तीच ती जागा पुन्हा अडली तर साउंड आणि नेटवर्क कार्ड सेटिंगमधून काढून विंडोज आधी पूर्ण बसवा, मग एकेक कार्ड परत लावा.

डेस्कटॉप दिसल्यावरची कामं थोडीच आहेत. डिस्प्लेमध्ये १०२४ बाय ७६८. डिव्हाइस मॅनेजरमध्ये डिस्कच्या गुणधर्मांत डीएमएवर (प्रोसेसरला न गुंतवता डिस्कचा डेटा थेट मेमरीत नेण्याची सोय) खूण नसेल तर करा आणि रीस्टार्ट. पिवळं उद्गारचिन्ह कुठे उरलं असेल तर बहुधा साउंड कार्डाचं असतं. ते यादीतून काढून टाकून पुन्हा शोधायला लावलं की जातं. माउस विंडोत पकडला जातो आणि बाहेर येत नाही म्हणून गोंधळू नका, तो सोडवायची कळ शीर्षकपट्टीतच लिहिलेली असते.

फाइल आत नेणं सोपं आहे, आणि इथे ८६बॉक्सला पूर्ण गुण. सीडीच्या चित्रावर क्लिक करून तुमच्या कॉम्प्युटरवरचा अख्खा फोल्डरच सीडी म्हणून लावता येतो, आयएसओ करायची गरज नाही. एक अट आहे: फाइलची नावं देवनागरीत असतील तर आधी रोमनमध्ये बदला. विंडोज ९८ ला ती नावं वाचता येत नाहीत; अक्षरांच्या जागी अधोरेषा दिसतात आणि फाइल उघडायला नकार मिळतो. बाहेर काढायला मशीन बंद करा आणि व्हीएचडी फाइल विंडोज १० किंवा ११ च्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये जोडा, एखाद्या साध्या ड्राइव्हसारखी उघडते. ‘रीड ओन्ली’वर खूण करूनच जोडा, कारण पुढे येईल.

गेम खेळणाऱ्यांसाठी व्हूडू हे त्या काळचं थ्रीडी ग्राफिक्स कार्डही आहे आणि ते उत्तम चालतं. पण मराठी वाचकाला हा खटाटोप करायला लावणारं खरं कारण वेगळं असतं: पेजमेकरच्या जुन्या फाइल. दिवाळी अंक, लग्नपत्रिका, शाळांच्या स्मरणिका, छोट्या प्रकाशकांची पुस्तकं, नव्वदच्या दशकापासून दोन हजारच्या दशकापर्यंत महाराष्ट्रातलं किती डीटीपी पेजमेकर ६.५ किंवा ७.० मध्ये झालं याची मोजदाद नाही. फॉन्ट पुण्याच्याच सी-डॅकचे ‘डीव्हीबी-टीटी सुरेख’, ‘योगेश’, किंवा पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकच्या श्री-लिपीचे, नाहीतर आकृतीचे. हे सगळे युनिकोडपूर्व फॉन्ट. रोमन अक्षरांच्या आणि चिन्हांच्या जागांवर देवनागरीचे तुकडे बसवलेले: अर्धा क एकीकडे, काना दुसरीकडे, रफार तिसरीकडे. आजच्या इनडिझाइनमध्ये पेजमेकरची फाइल थेट उघडत नाही, आणि मजकूर कसाबसा बाहेर काढला तरी नव्या सिस्टिमवर त्यातली काही चिन्हं गळतात किंवा जागा सोडतात. विंडोजमध्ये देवनागरी युनिकोड आलं तेच विंडोज २००० पासून, मंगल फॉन्टबरोबर. त्याआधीची फाइल त्याआधीच्या विंडोजवर उघडणं हाच सर्वात कमी त्रासाचा उपाय आहे, आणि ८६बॉक्समध्ये पान जसं मूळ पडद्यावर दिसत होतं तसंच दिसतं.

फक्त क्रम पाळा. आधी प्रिंटर, मग फॉन्ट, मग पेजमेकर, आणि सर्वात शेवटी फाइल. पेजमेकर ओळी जुळवताना निवडलेल्या प्रिंटरचा हिशेब धरतो. डॉक्युमेंट सेटअपमध्ये ‘कंपोज टू प्रिंटर’ असा रकानाच आहे. प्रिंटर बदलला की ओळी इकडच्या तिकडे होऊ शकतात, आणि शेवटच्या पानावरचा परिच्छेद चौकटीबाहेर जातो. फॉन्ट नसताना फाइल उघडलीत तर पॅनोज नावाची खिडकी येऊन त्याऐवजी दुसरा फॉन्ट सुचवते. तिथे ओके करून फाइल सेव्ह केलीत तर मूळ मांडणी हातची गेली. रद्द करा, फॉन्ट टाका, पुन्हा उघडा. आणि डीटीपीवाल्यांची सवय असते तसा हजार-दीड हजार फॉन्टचा अख्खा फोल्डर ओतू नका. विंडोज ९८ ची मर्यादा हजाराच्या आसपास आहे. तिच्या वर गेलं की काही फॉन्ट यादीतून गायब होतात, कधी बूटच रखडतं. लागतील तेवढे पन्नास-साठ पुरे.

आता या एम्युलेटरमधली सर्वात उपयोगी आणि सर्वात कमी चर्चेतली सोय. पोर्टच्या पानावर एलपीटी१ ला, म्हणजे प्रिंटरच्या पॅरलल पोर्टला, ‘जेनेरिक पोस्टस्क्रिप्ट प्रिंटर’ जोडता येतो; पोस्टस्क्रिप्ट म्हणजे पानाचं वर्णन करणारी प्रिंटरची भाषा. तुमच्या मुख्य कॉम्प्युटरवर घोस्टस्क्रिप्ट (पोस्टस्क्रिप्टची पीडीएफ करणारा प्रोग्राम) असेल, तर विंडोज ९८ मधून प्रिंट दिलेलं प्रत्येक पान मशीनच्या फोल्डरमधल्या ‘प्रिंटर’ या उपफोल्डरमध्ये पीडीएफ होऊन पडतं. एम्युलेटर ६४ बिटचा असेल तर घोस्टस्क्रिप्टही ६४ बिटचंच हवं. पीडीएफ तयार होत नसेल तर पहिला संशय यावर घ्या. विंडोज ९८ मध्ये प्रिंटर म्हणून ॲपल लेझररायटर मालिकेतला कोणताही पोस्टस्क्रिप्ट प्रिंटर निवडा. मग त्याच्या गुणधर्मांत फॉन्टच्या पानावर ‘नेहमी ट्रूटाइप फॉन्ट वापरा’ हा पर्याय लावा. मूळ पर्याय काही फॉन्टऐवजी प्रिंटरमधले अंगचे फॉन्ट वापरतो. मराठी फॉन्टना त्याचा सहसा त्रास होत नाही, पण पानावरचा इंग्रजी मजकूर एरियलऐवजी हेल्व्हेटिकात निघतो. मिळालेली पीडीएफ छापायला, जतन करायला उत्तम. तिच्यातून मजकूर कॉपी केलात तर मात्र रोमन अक्षरांची खिचडीच मिळणार; युनिकोडमध्ये आणायला फॉन्टनुसार वेगळा कन्व्हर्टर लागतो.

मोठी उणीव इथेच लागते. त्या काळच्या बऱ्याच भारतीय भाषा-सॉफ्टवेअरला प्रिंटरच्या पोर्टात बसवायचं हार्डवेअर लॉक असे; ते लावल्याशिवाय सॉफ्टवेअर चालत नसे. ८६बॉक्स तुमच्या खऱ्या पॅरलल पोर्टला हात लावू देत नाही, आणि यूएसबीची उपकरणं तर चालतच नाहीत. म्हणजे लॉक जपून ठेवलं असलं तरी ते आत पोचवता येत नाही. फाइल पाहायला आणि छापायला नुसते फॉन्ट पुरतात, लॉक लागत नाही. टायपिंग करायचं असेल, त्या सॉफ्टवेअरचा स्वतःचा कीबोर्ड हवा असेल, तर लॉकवालं पॅकेज इथे चालणार नाही. चालू अवस्थेतला जुना पीसी असेल तर तो विकू नका.

दुसरी उणीव म्हणजे चालू स्थिती जतन करण्याची सोय नाही. पॉज आहे, पण बंद केलं की बंद. ज्यांना व्हर्च्युअलबॉक्सच्या स्नॅपशॉटची सवय आहे त्यांना हे खुपेल. त्यावर वाट अशी: विंडोज, ड्रायव्हर, फॉन्ट, पेजमेकर सगळं बसल्यावर मशीन बंद करा आणि त्या व्हीएचडीवर आधारित ‘डिफरन्सिंग’ प्रकारची नवी व्हीएचडी करून मशीनला ती जोडा. यापुढचे सगळे बदल नव्या फाइलमध्ये जातात, मूळ फाइल जशीच्या तशी राहते. काही बिघडलं तर छोटी फाइल उडवा, दुसरी करा. दोन मिनिटांचं काम. पण मूळ फाइलला त्यानंतर कोणीही लिहिण्याच्या परवानगीने उघडता कामा नये. विंडोज ११ मध्ये ती चुकून साधी जोडली तरी आत काहीबाही लिहिलं जातं, दोन्ही फाइलमधला मेळ तुटतो आणि एम्युलेटर वेळेचे शिक्के जुळत नसल्याचं सांगतो. म्हणून मघाशी ‘रीड ओन्ली’चा आग्रह धरला. मूळ फाइलच्या गुणधर्मांतही तीच खूण करून टाका, आणि तिची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर ठेवा.

नेटवर्कबद्दल फार अपेक्षा नकोत. कार्ड लगेच ओळखलं जातं, आयपी मिळतो, पण त्या काळच्या ब्राउझरला आजच्या साइटची सुरक्षित जोडणी जमत नाही. विंडोज ९८ चे सुरक्षा अपडेट जुलै २००६ मध्येच थांबले आहेत, तेव्हा नेटवर्क कार्ड न लावणं हेच शहाणपणाचं. फाइल न्यायला फोल्डरवाली सीडी आहेच.

हे सगळं वाचून दम लागला असेल तर डॉसबॉक्स-एक्स हा दुसरा एम्युलेटर पाहा. त्यात विंडोज ९८ बसवता येतं, मदरबोर्ड-बायॉस निवडायची भानगड नाही, चालू स्थितीही जतन होते, आणि जुन्या लॅपटॉपवर ते जास्त हलकं पडतं. एखादा जुना शब्दकोश किंवा शैक्षणिक सीडी चालवण्यापुरतं ते पुरेसं आहे. पण पेजमेकरमधून पोस्टस्क्रिप्टमार्गे पीडीएफ काढायची असेल, किंवा एखादं हट्टी सॉफ्टवेअर ठरावीक कार्डाशिवाय सुरूच होत नसेल, तर ८६बॉक्स. पाचापैकी सव्वाचार, पाऊण गुण पॅरलल पोर्टसाठी कापला आहे, आणि तो जोडायची सोय पुढच्या आवृत्तीत आली तर परत द्यायला हरकत नाही.